उजव्या घोट्याची पट्टी

जेर्विन पालेर्मो हा माणूस सेबियोला खरं तर फारसा कळलाच नाही. सहा हंगाम त्याने जेर्विनच्या उजव्या घोट्याला पट्टी बांधली. तो घोटा तेवढा त्याला पाठ होता. बाकी काही विचारायचा धीर कधी झाला नाही.

फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या किनाऱ्यावरच्या एका गावाच्या बास्केटबॉल संघाचा जेर्विन हुकमी खेळाडू. त्या वर्षी बाकोलोदच्या संघाने त्याला मागितलं आणि बदल्यात दोन उंच खेळाडू देऊ केले. मॅनेजर गिल्बर्टो हरखून गेला. अडचण एकच. अदलाबदलीच्या कागदावर खेळाडूचीही सही लागे, तीही शुक्रवारी दुपारी बाराच्या आत.

त्याच आठवड्यात नव्या कोचने सेबियोला सांगितलं होतं, "पट्ट्या बांधायला शिकलेला माणूस आणलाय. शनिवारपासून येऊ नका." सेबियो हे कुणाशी बोलला नाही. घरी तो एकटाच. संघाच्या बाकावरची ती जागा सोडली तर त्याला जायला ठिकाण नव्हतं.

शुक्रवारी साडेअकराला जेर्विन सही न करताच बाकाशी आला आणि सेबियोच्या मांडीवर पाय टाकून बसला. सगळ्या संघासारखा तोही सेबियोला तियो, म्हणजे काका, म्हणे.

"बांधा, तियो."

"आज सामना कुठाय?"

"बांधा तर."

पट्टी बांधून होईतो खेळाडूला उठवायचं नाही, ही तिथली रीत. गिल्बर्टो सहीचा कागद घेऊन दारात घाम पुसत उभा राहिला.

"अरे बाबा, मोटारसायकल हवी का? जमीन हवी? बोल की! ते दोन ताडमाड बोटीत बसलेसुद्धा!"

"येऊ देत, सर. त्यांचे घोटे कोण बांधणार?"

"कोचचा माणूस आहे ना."

"मंगळवारी सरावाला त्यानेच बांधून पाहिला होता माझा. पहिल्या उडीला मी वर, पट्टी खाली." जेर्विन हसला, मग थांबला. "लिहून द्या. तियो स्वतः नको म्हणेपर्यंत या बाकावरून हलणार नाहीत. मग करतो सही."

"एवढ्यासाठी अडवून धरलंस?"

"बारा वाजत आलेत, सर."

गिल्बर्टोने कुरकुरत कागदामागे लिहिलं. आपल्याला काढल्याचं जेर्विनला कुणी सांगितलं, ते सेबियोला आजवर कळलेलं नाही. त्या बाकावर तो अजून बसतो, आणि प्रत्येक पट्टीची शेवटची गुंडाळी देताना मनातल्या मनात त्या पोराचे आभार मानतो. त्या दिवशी मात्र ते तोंडातून निघालेच नाहीत. जेर्विन संध्याकाळच्या बोटीने गेला, तो परत भेटलाच नाही.

"फार घट्ट झाली का रे?" एवढंच सेबियोने विचारलं होतं.

"नाही, तियो. बरोबर आहे."