रिकाम्या खोल्यांचे फोटो

एकोणिसाव्या शतकातल्या काही अमेरिकन चित्रकारांनी घरातल्या रिकाम्या खोल्या का रंगवल्या असाव्यात, या प्रश्नाने गेल्या वर्षी माझं डोकं खाल्लं होतं. मी जळगावच्या शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे असले नसते उद्योग नोकरीचाच भाग आहेत अशी मी स्वतःची समजूत घालते. मोबाइलवर ती चित्रं पाहत बसायची. थंड पडलेली चूल, भिंतीला टेकलेली खुर्ची, उघडं दार, जमिनीवर ऊन. माणूस औषधालाही नाही. तरी वाटायचं, आपण जरा हळू बोलावं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धुळ्याजवळच्या गावी माहेरी गेले, तेव्हा म्हटलं, आपल्या घरात हे जमतं का बघू. वडील गेल्यापासून आई तिथे एकटीच राहते. सांजोऱ्या तळून झाल्यावर मी तिला म्हटलं, "आई, जरा बाजूला हो गं." मग खोल्याखोल्यांतून हिंडून मनसोक्त फोटो काढले. मी म्हणेन तिथून आई मुकाट्याने सरकत होती.

दुपारी ती जेवलीच नाही. मधल्या वेळात शेजारची अक्का येऊन काहीतरी कुजबुजून गेली होती. शेवटी आईच म्हणाली, "तुले हिस्सा पाहिजे व्हई, ते सरळ सांग. गिऱ्हाइक कोन शे?"

मग ट्यूब पेटली. आमच्याकडे फोटो म्हटला की माणसं पदर सावरून ओळीने उभी राहतात. रिकाम्या खोलीचा फोटो निघतो तो घर विकायचं असलं तरच. त्यात तो माहेरी आलेल्या लेकीने काढलेला. मला हसू आलं.

"आई, घर तुझंच आहे. मला काही नको," म्हणत मी मोबाइल तिच्यापुढे धरला आणि ती चित्रं दाखवली. तिने चष्मा लावून एकेक निरखलं.

"हाई कोनं घर शे? बठ्ठा कोठे ग्यात?"

"सगळे कुठे गेले कोण जाणे. चित्रकाराने माणसं काढलीच नाहीत."

"मंग त्या घरनी बाईले बी बाजूला व्हय सांगं व्हई."

ती बाई तेव्हा त्या उघड्या दारामागे उभी होती का, हे मी आता प्रत्येक चित्रात शोधते.

आई खाटेवर नीट बसली. म्हणाली, "मी मरी गऊ का मंग काढजो रिकाम्या खोल्या. आते मी शे ना."