दोरी धरणाऱ्याने बोलत राहायचं

त्याची आणि माझी ओळख झाली तेव्हा तो अर्धाच होता. कमरेपासून खालचा. वरचा अर्धा आमच्या चौथ्या मजल्याच्या खिडकीबाहेर होता. मी कामावरून घरी आलो, तर बेडरूमच्या खिडकीत दोन पाय, एका मोज्याला भोक आणि त्या भोकातून बाहेरचं जग बघणारा एक अंगठा. शेजारी माझी बायको हाताला दोरी गुंडाळून बसलेली, आणि आपल्या भावजयीने काय काय ऐकवलं त्याची सविस्तर हकिकत खिडकीला सांगत असलेली.

उन्हाने हिचं डोकं फिरलं, अशी माझी खात्री झाली. आमच्या शहरातलं ऊन तसंच आहे. ओला टॉवेल तारेवर टाकून पाठ वळवली की त्याचा पुठ्ठा होतो. दाराच्या कडीला हात लावण्यापूर्वी माणूस तिला फुंकर घालतो. अशा हवेत बायको एक वेळ खिडकीशी बोलेलही, पण खिडकी "मग तुम्ही काय म्हणालात?" असं विचारत होती. मी घाबरून त्या पायांना नमस्कार केला. अंगठा हलला. मग बराच वेळ मी अंगठ्याकडे पाहूनच बोललो, आणि खोटं कशाला सांगू, इतक्या आपुलकीने मान डोलावणारं आमच्या घरात तोवर कोणी नव्हतं.

थोड्या वेळाने वरचा अर्धा आत आला. धुळीने माखलेल्या मिशा, दातांत धरलेला स्क्रू. स्क्रू काढून तो आधी बायकोला म्हणाला, "वहिनी, भावजयीचं चुकलंच." मग माझ्याकडे वळला. "साहेब, कपॅसिटर गेला होता."

हा आमचा एसीवाला. बायकोने त्याचं नाव अधांतरी ठेवलं होतं. एसीचं बाहेरचं युनिट आमच्या बिल्डरने भिंतीवर अशा जागी टांगलं होतं, की तिथवर पोचायला एक तर कबूतर असावं लागतं, नाही तर अधांतरी. तो कमरेला दोरी बांधायचा, तिचं दुसरं टोक पलंगाच्या पायाला वेढे देऊन घरातल्या माणसाच्या हाती द्यायचा आणि बाहेर उतरायचा. त्याचा नियम एकच. दोरी धरणाऱ्याने बोलत राहायचं.

"दोरी कोणी धरलीय की नाही, ते कमरेला कळत नाही," तो म्हणायचा. "आवाज आला की कळतं, माणूस जागेवर आहे. पुरुषांना दोरी द्यायला मी भितो. ते मोबाइल बघतात."

एकदा बायको घरात नसताना मी धरली. मला सुचेना काही, म्हणून पाढे म्हणायला लागलो. सतराच्या पाढ्यात अडकलो, तर हा पांढराफटक चेहरा करून आत. "साहेब, तुम्ही गप्प झालात. वहिनी कधी येतील?"

वहिनींच्या तोंडाचा पट्टा मात्र यंत्र सुरू होईपर्यंत थांबत नसे. माझ्या घोरण्यापासून माझ्या आत्याच्या तोऱ्यापर्यंत सगळं त्या माणसाने लटकल्या लटकल्या ऐकलं. अशी कितीतरी घरं त्याने ऐकली असणार. यंत्रांतून गॅस गळायचा, पण त्याच्या तोंडून दुसऱ्याच्या घरातला एक शब्द कधी गळला नाही.

त्याचं स्वतःचं एकच गुपित होतं, आणि ते आम्हा नवराबायकोला त्याने एकदा पाणी पिता पिता सांगितलं. त्याचे सासरे इमारती रंगवायचे. परांचीवरून पडून गेले. त्यांच्या लेकीने लग्नाआधीच याला सांगितलं होतं, जमिनीवर उभं राहून पोट भरणार असाल तरच हो म्हणते. याने शब्द दिला. आजवर ती समजत होती, की नवरा लोकांच्या घरात जाऊन एसीच्या जाळ्या धुतो.

"तिला कळलं तर?" मी विचारलं.

"भांडली तर बरं, साहेब. ती भांडणार नाही. लेकीला घेईल आणि जाईल."

"मग सोड ना हे लटकणं."

"आत नुसत्या जाळ्या असतात. दुखणं बाहेर असतं." मग जरा लाजून म्हणाला, "आणि तिथून शहर फार शहाणं दिसतं हो."

एका दुपारी आमचं यंत्र पुन्हा बसलं. अधांतरी आला, मोबाइल टेबलावर ठेवला आणि बाहेर उतरला. बायकोने दोरी धरली, पण त्या दिवशी तिचे विषय संपले. आमच्या संसारात हे पहिल्यांदाच घडत होतं. मी काही सुचवणार एवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. पडद्यावर नाव आलं, "हेड ऑफिस". बायकोचा चेहरा उजळला. बोलायला माणूस मिळालं, शिवाय बिचाऱ्याची वरपर्यंत तारीफ करायची संधी.

"हो, इथेच आहेत. नाही, घेता नाही यायचा फोन, बाहेर लटकलेत ना. हो, बाहेर. चौथा मजला. फार धीराचा माणूस हो तुमचा. एक पाय लोखंडावर ठेवलाय आणि दुसरा..." तिने खिडकीकडे तोंड केलं. "अहो, दुसरा कुठे ठेवलाय तुम्ही? तुमच्या हेड ऑफिसातल्या बाई आहेत. पत्ता विचारताहेत."

बाहेर पान्याचा आवाज थांबला.

"दिलात?"

"दिला ना."

"वहिनी," बाहेरून अगदी बारीक आवाज आला, "हेड ऑफिस म्हणजे ती."

यंत्र दुरुस्त झालं होतं. खोलीत गार हवा यायला लागली. पण अधांतरी आत येईना. तो त्या लोखंडी ब्रॅकेटवर बसून राहिला. यंत्र आम्हाला गारवा देत होतं आणि आमची सगळी गरम हवा त्याच्या तोंडावर सोडत होतं.

"आत या हो, भाजून निघाल."

"इथेच बरा आहे."

ती आली. ठेंगणी, शिवणकाम करणारी बाई. मोजायची टेप गळ्यातच राहिली होती. आमच्याकडे न बघता ती खिडकीशी गेली, खाली पाहिलं आणि पलंगाची कड घट्ट धरली. मग माझ्या बायकोच्या हातातून दोरी घेतली, पलंगाच्या पायाला आणखी एक वेढा दिला, जमिनीवर बसून दोन्ही पाय भिंतीला रोवले आणि गप्प राहिली.

"वहिनी?" बाहेरून आवाज आला. "वहिनी, बोला. दोरीवर कोण आहे?"

"मी."

लोखंड करकरलं.

"बोलत राहा," माझी बायको तिच्या कानाशी म्हणाली. "नाहीतर ते घाबरतात."

तिने डोळे मिटले. "नळाचा वॉशर गेलाय," ती म्हणाली. "खाली बादली लावून आलेय. लेकीचा दात पडलाय शाळेत. मुठीत धरून बसलीय, तुम्हाला दाखवल्याशिवाय मूठ उघडत नाही. तेच सांगायला फोन केला होता." तिने दोरी हाताला आणखी एकदा गुंडाळली. "तुमच्या शर्टांची पोटावरची बटणं कशी तुटतात, म्हणून मी विचारायचे. तुम्ही म्हणायचात, कपाटाला अडकतात. मी दरवेळी पक्की लावत होते. दुहेरी दोऱ्याने." मग म्हणाली, "डावा पाय आधी घ्या."

डावा पाय आत आला. मागून बाकीचा तो.

"किती दिवस चाललंय हे?"

"पहिल्यापासून."

"आणि दोरी कोण धरतं?"

"लोक धरतात."

"लोक," असं म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं. मी हातातला मोबाइल खिशात टाकला.

"जाणार आहेस का?" त्याने विचारलं.

"तुम्ही शब्द मोडलात, म्हणून मी माझा होकार मोडू?" ती म्हणाली. "चला. बादली भरली असेल." तिने त्याच्या कमरेची गाठ सोडली, दोरीची गुंडाळी केली आणि आपल्या पिशवीत घातली. तो हत्यारांची पेटी घेऊन मागोमाग निघाला. जिन्यात माझ्या बायकोने विचारलं, "आता पुन्हा बिघडलं तर कोणाला बोलवायचं?" खालून फक्त पेटीतली हत्यारं वाजत गेली.

सध्या तो एका औषधांच्या गोदामात नोकरीला आहे, तिथली गारव्याची यंत्रं बघतो. गोदाम तळमजल्यावर आहे.