माका नाही म्हणतोय

राहुरीपासून तासाभरावर, नागापूरच्या एमआयडीसीत केसांच्या तेलाचा एक छोटा कारखाना आहे. तिथं मी कच्च्या मालाची खरेदी बघते. तेल आम्ही बनवतो, बाटलीवर नाव मुंबईच्या कंपनीचं असतं. या तेलात सगळ्यात जास्त लागतो तो माका. ओल्या जागी आपोआप उगवणारं, बारीक पांढऱ्या फुलांचं हे तण. औषध म्हणून त्याचं कौतुक शहरात होतं. आमच्याकडे उसाच्या सरीत तो दिसला की शेतकरी त्याच्या नावानं बोटं मोडतो.

मला माका मिळायचा राहुरीजवळच्या एका शेतकऱ्याकडून. नात्याचे नव्हेत, पण मी त्यांना मामा म्हणते आणि त्यांच्या बायकोला मामी. खुरपणी झाली की मामी तो माका निवडून गोठ्याच्या सावलीत वाळवायच्या, मी टेम्पो पाठवायची. मामांचं तण जायचं, माझा माल यायचा. दोघंही खूश.

मग मुंबईच्या कंपनीनं ठरवलं की नुसतं तेल विकून भागणार नाही. वनस्पती कुठून येते, कोण तोडतं, तोडणाऱ्याचं झाडाशी नातं काय, हे सगळं गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे. त्यासाठी त्यांनी एक मुलगी पाठवली. सैल सुती कपडे, खांद्याला कापडी पिशवी. मी मनातल्या मनात हसायच्या तयारीत होते, पण ती इतकी सरळ आणि मन लावून ऐकणारी निघाली की हसायचं राहून गेलं. गाडीत तिनं दोन नियम सांगितले. तोडण्याआधी झाडाची परवानगी घ्यायची, आणि तिसरा हिस्सा रानात तसाच ठेवायचा.

"हे मामांना तुम्हीच सांगा," मी म्हणाले.

मामांनी बांधावर उभं राहून सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, हे तन हाय."

"पण काका, सगळं काढलं तर त्याची पुढची पिढी कशी टिकणार?"

"त्याची पिढी टिकंल. माजा ऊस टिकंल का ते बगा."

शेवटी उसातला सगळा माका काढायचा आणि पाण्याच्या चारीच्या कडेचा तिसरा हिस्सा ठेवायचा, असं ठरलं. मग ती मुलगी सरीत मांडी घालून बसली, एका रोपावर हात ठेवून तिनं डोळे मिटले. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीच खूण केली नाही, तेव्हा त्यांनी टोपी काढली आणि तेही हात जोडून उभे राहिले.

तिनं डोळे उघडल्यावर मामांनी विचारलं, "काय म्हनला?"

"हो म्हणाला."

"आन न्हाई म्हनला आस्ता तर?"

"तर आपण आज तोडलं नसतं."

"कुनी काय बोललं नसतं?"

"कोण बोलणार? झाडाची इच्छा."

मामांनी टोपी सावकाश डोक्यावर चढवली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमजल्याचा भाव होता. मला वाटलं, भक्तिभाव असावा.

पुढच्या मालासाठी फोन केला तेव्हा मामा म्हणाले, "मॅडम, माका न्हाई म्हनतोय."

त्यांच्या मागे बँड वाजत होता. मी विचारलं, "मामा, लग्नात आहात का?"

"व्हय. पर त्याचा ह्याच्याशी संबंध न्हाई."

त्यानंतर गावची यात्रा आली, तर माका यात्रा होईपर्यंत नाही म्हणाला. मग मामांचे साडू राहायला आले, तेव्हाही त्याचा नकारच होता. इकडे कारखान्यात तेलाची भांडी तयार होती आणि मालक माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहत होते. "ते झाड माझ्याशी फोनवर बोलेल का?" त्यांनी विचारलं. मग जे घडलं ते मी मुंबईला जसंच्या तसं कळवलं. मामांना आता ठणकावून सांगितलं जाईल, अशी आम्हा दोघांची अपेक्षा होती.

त्या मुलीचा लगेच फोन आला. "मी इतक्या ठिकाणी फिरले," ती म्हणाली, "सगळीकडे झाड नेहमी हो म्हणतं. नाही म्हटल्याचं सांगणारा हा पहिलाच माणूस. आपण थांबू." मालकांनी ते ऐकलं आणि केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं.

शेवटी मीच टेम्पोत बसून राहुरीला गेले. रानात पोचले तर बांधावर भांडण पेटलेलं. चारीच्या कडेला राखलेल्या माक्याचं बी पाण्याबरोबर वाहत जाऊन मामांच्या चुलतभावाच्या कांद्यात उगवलं होतं. चुलतभाऊ पाठीवर फवारणीचा पंप घेऊन उभे होते.

"तुजं तन माज्या कांद्यात आलंय," ते म्हणत होते.

"ते पान्यानं आनलं. पान्याला बोल," मामा म्हणाले.

तणनाशकाचा फवारा चारीवर उडाला असता तर मामांचा सगळा माका आमच्या प्रयोगशाळेत नापास झाला असता. मी पुढे होऊन म्हणाले, "भाऊ, फवारू नका. तुमच्या रानातला माकाही मी घेते."

चुलतभावांनी पंपाची नळी खाली केली. "पर ह्याला म्हनं आदी विचारावं लागतंय?"

"लागतं," मामा म्हणाले. "तुला न्हाई जमायचं. मी विचारतो तुज्या वतीनं."

"माज्या रानातल्या तनाला विचारनारा तू कोन?"

भांडण आता कांद्यावरून उठून या प्रश्नावर आलं. माका कुणाच्या मालकीचा, बी कुणाचं, जमीन कुणाची, आणि परवानगी मागायचा हक्क नक्की कुणाला, असं पार आजोबांच्या वाटणीपर्यंत गेलं. तेवढ्यात मामी खुरपणाऱ्या बायकांना घेऊन आल्या. त्यांनी दोघांना बाजूला केलं, वाकून एका रोपाची मान धरली आणि खणखणीत आवाजात विचारलं, "येतूस का?" आणि खुरपं घातलं.

"आला," त्या म्हणाल्या आणि पुढच्या रोपाकडे वळल्या. दिवस मावळायच्या आत कांदा मोकळा झाला आणि माझा टेम्पो भरला.

तेव्हापासून परवानगीचं खातं मामींकडे गेलं. चुलतभाऊही मला माका देतात, आणि चारीच्या आसपास दोघंही फवारत नाहीत. मामांच्या नकारांना मात्र आता कुणी विचारत नाही.

काही दिवसांनी ती मुलगी हे बघायला पुन्हा आली. दिवसभर बायकांबरोबर खुरपत होती. हात काळे झाले, कंबर धरली, पण हटली नाही. दुपारी विहिरीजवळ हात धुवायला गेली, तर तिथं दगडांमागे माक्याचा एक दाट हिरवागार पट्टा होता. तिनं हात पुढे केला, तशा मामी म्हणाल्या, "त्यो न्हाई घ्यायचा, बाळा."

"का? तो नाही म्हणतो?"

"मी म्हनते. आमच्या सासूबाईंनी लावलेला हाय. पितरपाटात त्याची पानं वाहतो आमी. आता त्यांनाच वाहतो."

मुलीनं हात मागे घेतला. कंपनीसाठी फोटो काढायचा फोनही पिशवीतच राहू दिला. मग दोघी तिथंच काठावर बसल्या आणि मामींनी सासूबाईंच्या भांडखोरपणाच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. त्या इतक्या रंगल्या की टेम्पोवाला हॉर्न वाजवून दमला.

पुढे एकदा माल कमी पडला, तेव्हा मालकांनी मला विचारलं, विहिरीजवळ म्हणे बराच माका आहे? मी सांगितलं, तो विकायचा नाही. कोण नाही म्हणतंय, असं ते विचारणार होते, पण मग राहू दे म्हणाले आणि दुसरीकडून माल बघायला सांगितलं.