उजव्या बाजूचा ओठ

खोपटच्या एसटी डेपोत खिडकीत बसून गाड्या पुकारायचं काम चांगदेवकडे होतं. आवाज काही भारदस्त नव्हता, पण शब्द स्वच्छ यायचा. दिवाळीच्या सुमारास तो बिघडला. मुरबाड, भिवंडी, पनवेल, ही नावं ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत, आणि उजव्या बाजूला खालचा ओठ मिटलाय की नाही तेच त्याला कळेना. चहा हनुवटीवरून शर्टावर ओघळायचा. समोरच्याने सांगेपर्यंत त्याला पत्ता नसायचा. दुखत मात्र काहीच नव्हतं.

एका प्रवाशाने तो पिऊन बसलाय अशी तक्रार केली. मॅनेजरने आत बोलावलं, जवळ उभं राहून वास घेतला आणि परत पाठवलं. चांगदेव येऊन पुन्हा खुर्चीत बसला.

बायकोला, कांताला, अर्धांगवायूची भीती वाटली. नेहमीच्या डॉक्टरांनी प्रेशर तपासलं, ते नीट होतं. मग जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली. तोवर त्याच बाजूची खालची दाढ हलायला लागली. माजिवड्यात दातांच्या डॉक्टर समीक्षा होत्या, त्यांच्याकडे तो गेला. दाढ किडलेली नव्हती, हिरडीत पू नव्हता, तरी एक्स-रेमध्ये मुळाभोवतीचं हाड विरल्यासारखं दिसत होतं. त्यांनी दाढ काढली. पण जखम भरून यायच्या ऐवजी त्या खड्ड्यातून जांभळट मांस वर आलं. मऊ, न दुखणारं.

तंबाखू? मावा? सुपारी? सगळ्यांनी विचारलं. चांगदेवने आयुष्यात यातलं काही तोंडात टाकलं नव्हतं. तो दर वेळी नाही म्हणायचा आणि विचारणारा मान हलवायचा.

त्या मांसाचा तुकडा तपासायला गेला. नुसती सूज आहे, असा रिपोर्ट आला. कांताने सुटकेचा निःश्वास सोडला. डॉक्टर समीक्षांचं मात्र समाधान होईना.

"दाढ काढायच्या आधीपासून ओठ बधिर आहे तुमचा," त्या म्हणाल्या. "नुसत्या सुजेने असं होत नाही. तुकडा वरवरचा आला असेल. खोलवरचा घ्यायला हवा."

त्यांनी मोठ्या हॉस्पिटलात चिठ्ठी दिली. तिथे पुन्हा तुकडा घेतला, त्यावर आणखी खास तपासण्या झाल्या. रिपोर्ट आला तेव्हा मुलगी अमृता सोबत होती. डॉक्टरांनी इंग्रजीत सांगितलेलं तिने कॉरिडॉरमध्ये मराठीत सांगितलं.

"पप्पा, लिम्फोमा आहे. तंबाखूने होतो तो कॅन्सर नाही हा. पांढऱ्या पेशींचा आहे, जबड्याच्या हाडात वाढलाय. त्यानेच ओठाची नस दाबली गेलीय."

"जबडा कापणार?"

"नाही. सलाईनमधून औषधं."

चांगदेवने मान हलवली. आपल्याला काहीतरी वाटायला हवं, असं त्याच्या मनात आलं. तो वाट पाहत उभा राहिला. काही वाटलं नाही. मग त्याने अमृताला विचारलं, जेवलीस का?

सगळ्या अंगाचं स्कॅन झालं, कमरेच्या हाडातून मज्जा काढून तपासली. रोग जबड्यात आणि मानेतल्या एका गाठीत होता, बाकी कुठे नव्हता. केमो सुरू झाली. केस गेले, भुवया गेल्या, तोंड आतून सोलवटलं. खिडकीत दुसरा माणूस बसायला लागला. शेजारचे सीताराम भाऊ भेटायला आले, नारळपाणी ठेवलं आणि म्हणाले, आता तरी तंबाखू सोडा. कांता काही बोलणार होती. चांगदेवच आधी बोलला.

"सोडली," तो म्हणाला.

केमोच्या फेरीगणिक ते मांस आक्रसत गेलं आणि शेवटी हिरडी सपाट झाली. अखेरच्या स्कॅनमध्ये रोग दिसला नाही. पुढची काही वर्षं तपासणीला यायचं, ओठाची जाणीव येईल किंवा येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. अमृता तिथेच रडली. चांगदेवने रिपोर्ट पिशवीत घातला.

संध्याकाळी कांता त्याला बुद्धविहारात घेऊन गेली. तिने मेणबत्ती लावली, त्याच्या हातीही एक दिली. त्याने ती लावली, हात जोडले. कांताचे डोळे बराच वेळ मिटलेले होते. त्याने तिचं होईपर्यंत थांबायचं ठरवलं. मग कंटाळून बाहेर आला आणि दोघांच्या चपला शोधायला लागला.