सफिया खाला आणि ऱ्हाईनकाठची माणसं

कुणाची चहाडी करायला गेलं, की सफिया खाला चष्मा कपाळावर सरकवून विचारायच्या, "तू होतीस का तिथं?" झालं! बोलणारीचं तोंड बंद.

सौदीत दम्मामला आमच्या वरच्या मजल्यावर, डॉक्टर मुलाकडे त्या राहायच्या. मूळच्या रेवदंड्याच्या, मुंबईच्या कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. उजवीकडून वाचताहेत म्हणून उर्दू समजून मी एकदा त्यांच्या पुस्तकात डोकावले; एक अक्षर लागेल तर शपथ! खाला हसून बेजार. "अगं, हिब्रू आहे. आमचे शेजारी शनवार तेली, कोकणातले ज्यू. त्यांच्या आजोबांनी शिकवलं, मग लागला नाद."

आमच्या ह्यांचं एक जुनं दुखणं होतं. तरुणपणी दंगलीत जमावानं अडवून नाव विचारलं, तेव्हा ह्यांनी दुसऱ्या धर्माचं नाव सांगितलं, म्हणा म्हटलं ते म्हटलं आणि वाचले. त्यापायी सौदीत इतकी वर्षं काढूनही उमऱ्याला, मक्केच्या छोट्या यात्रेला, गेले नव्हते. जग मक्केला येतं, आणि हे जुबैलच्या प्लांटमध्ये ओव्हरटाइम करत बसायचे! "कुठल्या तोंडानं जाऊ?" म्हणायचे. जबरदस्तीत बोललेलं अल्लाह धरत नाही, असं मौलवींनी समजावलं. हे मान डोलवायचे आणि घरीच राहायचे. हा माणूस असाच झुरून जाणार, या भीतीनं माझा जीव तुटायचा.

एका शुक्रवारी मीच खालांपुढे सगळं बोलून टाकलं. हे चिडून उठायला लागले.

"बस रे इम्तियाज. मौलवींचं ऐकलंस, आता माझ्या ज्यूंचं ऐक," खाला म्हणाल्या. "फार पूर्वी जर्मनीत, ऱ्हाईनच्या काठी, धर्मयुद्धाला निघालेल्या टोळ्या ज्यूंवर चालून आल्या. बाप्तिस्मा घ्या, नाहीतर मरा! कित्येक मेले, कित्येकांनी स्वतःची लेकरंही मारली. ते सगळं हिब्रूत लिहून ठेवलंय. मेलेल्यांची थोरवी गायलीय, पण जिवाच्या भीतीनं ज्यांनी मान तुकवली, त्यांनाही टाकलं नाही. उलट बजावलंय, ह्यांना नावं ठेवू नका, आतून ही आपलीच आहेत. पुढं राजानं मुभा दिली, तेव्हा ती आपल्या धर्मात परतलीही."

"लिहिणाऱ्याचं काय गेलं होतं?"

"त्याचेच जातभाई कापले गेले होते, बाबा. रागवायचा हक्क होता तो त्याचा. त्यानं माफ केलं, मग स्वतःला फाशी देणारा तू कोण टिकोजीराव?"

हे लहान मुलासारखे रडले. मीही रडले.

खाला कायमच्या गावी निघाल्या, त्याच दिवशी हे उमरा करून परतले. चपला न काढता थेट वर गेले. बांधलेल्या बॅगांमधून वाट काढत खाला आल्या, उमऱ्यात मुंडन केलेल्या ह्यांच्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला.

"काय रे, अडवलं का कुणी?"

"नाही खाला," हे म्हणाले, "एवढ्या गर्दीत मला कुणी नावसुद्धा विचारलं नाही."