पूजेला बसलेला कॉम्प्युटर

शेठ मूळचे भाईंदरच्याच राई गावचे. त्यांच्या भातशेतीवर इमारती उभ्या राहिल्या आणि शेठ भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात स्टीलच्या भांड्यांवर लेझरने नावं कोरून द्यायला लागले. तिथला कॉम्प्युटर मी सांभाळायचे. दसऱ्याला नोकरी पक्की करतो, असा त्यांचा शब्द होता.

माझ्या वर एक सर होते. त्यांचं सगळं ज्ञान त्यांच्या आवाजात होतं. दसऱ्याला सगळं नवं हवं, म्हणून खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड करायला लावली.

"सर, कर्नल बदललाय. लेझरचा ड्रायव्हर परत बिल्ड करावा लागेल."

"आधी चालत होता ना? मग चालेल. तुम्ही कॉन्व्हेंटवाल्या घाबरता फार."

ड्रायव्हर हा कॉम्प्युटर आणि मशीनमधला दुभाष्या. ज्या कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, मापाने बांधला, त्यालाच तो बसतो; दुसरीच्या मापाचं ब्लाउज आपल्याला बसत नाही, तसंच. एवढं सांगायला माझं मराठी पुरलं असतं. धाडस पुरलं नाही.

दुसऱ्या दिवशी लवकर गेले, तर कीबोर्डवर हळदकुंकू आणि मॉनिटरला झेंडूची माळ.

"आज हात लावायचा न्हाय," शेठ म्हणाले. "पूजेला बसलाय तो."

"पण शेठ, एकदा चालू करून..."

"न्हाय म्हटलं ना!"

सरांनी भक्तिभावाने हात जोडले. ज्याला आपण काय बिघडवलंय हे कळत नाही, त्याची भक्ती नेहमीच गाढ असते.

दसऱ्याच्या सकाळी लग्नाचे डबे घेऊन गिऱ्हाईक हजर. मशीन ढिम्म.

"अपग्रेड हिने मारलाय, शेठ," सरांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. शेठनी माझ्याकडे पाहिलं. माझी नोकरी त्या नजरेत लटकत होती.

सरांनी जुन्या ड्रायव्हरची फाईल उचलून नव्या कर्नलच्या फोल्डरमध्ये टाकली. कर्नलने ती घेतली नाही. परत टाकली. तिसऱ्यांदा टाकताना त्यांनी आधी डोळे मिटले. मग चहाला गेले.

मी खुर्चीत बसले. नवा कर्नल नव्या कंपायलरने, म्हणजे ही बांधणी करणाऱ्या प्रोग्रॅमने, बनलेला; ड्रायव्हरही त्यानेच बांधायला हवा. सरांनी मात्र जुनाच कंपायलर कायमचा लावून ठेवला होता. तो बदलला आणि ड्रायव्हर नव्याने बिल्ड केला. बोटांना कुंकू लागत होतं. पहिल्या डब्यावर नवरीचं नाव उमटलं, तेवढ्यात सर आले आणि बाहेर गिऱ्हाइकाची समजूत घालणारे शेठही.

"तुजा हात लागला की चालतंच रे!" शेठ त्यांना म्हणाले.

"थोडं सेटिंग होतं, शेठ."

माझ्या तोंडाशी वाक्य आलं, नेहमीसारखं इंग्रजीत, आणि परत गेलं.

"तुजं पुढच्या दसऱ्याला बघू, पोरी. मशीनला जरा सांभाळून हात लावत जा."

मी पेढा घेतला, नळाखाली बोटं धुतली आणि त्या गाळ्यात परत गेले नाही.

पुढे सरांचा फोन आला. पुन्हा अपग्रेड झालं होतं.

"अगं, ते बिल्ड की काय, ते कसं करायचं?"

"आधी चालत होता ना, सर? मग चालेल."