पात्यावरचं झाकण

बारूद ही त्याला लाकडाच्या वखारीनं दिलेली पदवी, आणि ती त्यानं कधी वाया जाऊ दिली नाही. राग नाकाच्या शेंड्यावर. चहा गार आला तरी कपाची खैर नसायची. करवतीच्या गोल पात्यावर तो अलीकडून ओंडका ढकलायचा आणि पलीकडून फळी ओढून घ्यायचा तो थंडोबा. हा माणूस असा, की छप्पर कोसळायला लागलं तरी आधी शेजारच्याला सरकायला सांगेल. दोघांचं इतकी वर्षं कसं जमलं, देव जाणे.

पात्यावर बोटं वाचवायला एक लोखंडी झाकण असतं. जाड ओंडका त्याखालून जात नाही, काम रखडतं, म्हणून मालकानं ते काढून भिंतीला टेकवून ठेवायला लावलं होतं. एके दिवशी ओंडक्यात जुना खिळा निघाला, लाकूड उसळलं आणि बारूदचा उजवा पंजा सरळ पात्यावर गेला. अंगठा तेवढा राहिला. रक्त छपराच्या पत्र्यापर्यंत उडालं. बारूदनं आईबापावरून शिवी घालत डाव्या हातानं मशीनला बुक्की मारली आणि मगच तो कोसळला.

दुसऱ्या दिवशी सरकारी तपासनीस आला, तर पातं धुऊन लख्ख आणि झाकण जागच्या जागी घट्ट. मालकानं हात वर केले. झाकण होतंच, म्हणाला, यानंच मस्तीत हात घातला. भरपाईचा दावा तिथंच लंगडा झाला. आणि भरपाई नाही तर घर चालणार कशावर? बारूदच्या शर्टाची बटणंसुद्धा आता बायको लावून द्यायची, वर हा तिच्यावरच खेकसायचा. तशात वखारीतून कळलं, की झाकण बसवलं ते थंडोबानं.

तळपायाची आग मस्तकात गेली. मालकानं याला विकत घेतला, दुसरं काय! बारूद तडक त्याच्या घरी गेला. थंडोबा जेवायला बसला होता, शेजारी त्याची लहान पोरगी. एक शब्द न बोलता बारूदनं त्याला कॉलर धरून उठवलं आणि डाव्या हाताची बुक्की तोंडावर हाणली. ताट उलटलं. दुसरी बुक्की, तिसरी. दात तुटून जमिनीवर पडले. थंडोबानं हातसुद्धा वर केला नाही, याचा बारूदला आणखीच संताप आला आणि त्यानं पोटात लाथ घातली. पोरगी भिंतीला चिकटून किंचाळत होती.

थंडोबाची बायको मध्ये पडली नाही. नुसती म्हणाली, "मारा भावजी. तुमची बोटं भुशातून चाळून काढली त्यांनी. फडक्यात बांधून दवाखान्यापर्यंत पळत गेले."

पुढचंही तिनंच सांगितलं. बोटं आता जोडता येणार नाहीत, असं डॉक्टरनं सांगितल्यावर तो वखारीत परतला, तर मालकानं पात्यावर नवा माणूस उभा केलेला. रक्त पाहून तो लटलटत होता. म्हणून थंडोबानं पातं धुतलं आणि झाकण आवळून टाकलं, निदान त्या नव्याची तरी बोटं राहोत म्हणून. मालकानं अडवलं नाही. त्याच्या ते पथ्यावरच पडलं.

मारामारीत बारूदचे टाके तुटले होते. दोघंही रक्ताळलेले तिथंच बसून राहिले.

भरपाईच्या सुनावणीत साक्ष दे, असं बारूद थंडोबाला म्हणाला नाही. साक्ष दिली तर थंडोबाची नोकरी जाणार, हे त्याला दिसत होतं. घरी तो दातओठ खात येरझाऱ्या घालायचा, पण विचारायला गेला नाही. जन्मात पहिल्यांदा त्यानं तोंड आवरलं असेल. सुनावणीला थंडोबा आपणहून आला आणि झाकण आधी नव्हतं, ते मी नंतर बसवलं, असं स्वच्छ सांगून मोकळा झाला.

मालकाच्या वकिलानं गोड आवाजात विचारलं, दात कसे पडले?

"न्हाणीघरात घसरलो," थंडोबा म्हणाला.

झालं! शेजारीपाजारी मारहाणीचं सगळं वकिलाला आधीच सांगून बसले होते. दातांबद्दल हा माणूस खोटं बोलतो, वकील म्हणाला, मग झाकणाबद्दल खरं कशावरून? चांगुलपणापायी या भल्या माणसानं दुसऱ्यांदा सगळं पाण्यात घातलं होतं. बारूदचा हात शिवशिवला. पण या खेपेला तो नुसता उभा राहिला.

"मी मारलं याला, साहेब."

सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यानं विचारलं, का?

"झाकण परत बसवलं म्हणून."

वकिलाचा चेहरा पडला. झाकण जागेवरच असतं, तर ते परत बसवलं म्हणून कोण कोणाला मारेल? अधिकाऱ्यानं ते वाक्य पुन्हा म्हणवून घेतलं आणि लिहून काढलं. दावा मंजूर झाला. मग त्यानं थंडोबाला विचारलं, मारहाणीबद्दल तुमची काही तक्रार?

आता हा नाही म्हणणार, असं सगळ्यांनी धरलंच होतं.

"आहे," थंडोबा म्हणाला. "दातांचं जाऊ दे. माझ्या पोरीदेखत मारलं यानं मला."

बारूदची मान खाली गेली.

संध्याकाळी तो पुन्हा त्या दारात गेला. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं. पोरीनं त्याला पाहिलं, ती पळत आली आणि दोन्ही हात पसरून बापाच्या पुढे उभी राहिली. बारूद उंबऱ्याबाहेरच खाली बसला. पोरीनं हात काही खाली घेतले नाहीत.